वातुलोआचं बेवारस गाणं

हातातली वाटी संपवून खाली ठेवा आधी. ही गोष्ट ऐकताना हातात काही असलं की सांडतं, असा माझा अनुभव आहे.

तर उनाइसी त्या सोमवारी कामावर निघाली तेव्हा तिच्या पिशवीत उकडलेला दालो म्हणजे अळूचा कंद, टिनची मासळी आणि मुलीचा फोन होता. फोन मकेरेताच्या हातून मोरीत पडला होता आणि त्यावरून घरात सकाळीच रडारड झाली होती. सतरा वर्षांची घोडी झाली तरी फोन पाण्यात पडला की पोरी रडतात. उनाइसीच्या ऑफिसात तिचा मामेभाऊ वाइसाके कॉम्प्युटर सांभाळायचा. फोन, रेडिओ, पंखा, काहीही बिघडलं की सगळं खानदान ते त्याच्याच गळ्यात मारायचं, आणि तोही गडी शिव्या देत देत दुरुस्त करून द्यायचा.

"आली का भिकारीण," तिला दारात बघून तो म्हणाला. "आज काय मोडलंस, तवाले?"

आमच्याकडे आते-मामे भावंडं एकमेकांना तवाले म्हणतात. चेष्टेचं नातं. तवालेला काहीही बोलावं, त्यानं रागवायचं नाही. आणि तवालेनं आव्हान दिलं तर मागं हटायचं नाही. हे लक्षात ठेवा.

"मी नाही, तुझ्या भाचीनं मोडलाय. संध्याकाळपर्यंत दे. नाहीतर तुझ्या बायकोला सांगेन, आठवड्यातून किती वेळा कोरसच्या तालमीला म्हणून जाऊन यांगोना पीत बसतोस ते."

वाइसाके नाकातून फुर्र करून हसला. ते त्याचं खास हसू. चर्चच्या कोरसमध्ये खालच्या पट्टीत गायचा, आणि प्रत्येक गाण्याआधी तसंच फुर्र करायचा. पाद्रीबाबा दर रविवारी डोळे वटारायचे.

ऑफिस म्हणजे सुवा शहरात बंदरामागच्या गल्लीतली एक जुनी इमारत. आत रेडिओवाल्यांनी पूर्वी बेटाबेटांवर फिरून केलेल्या टेपा. भिंतींना बुरशी, आणि जुन्या टेपा कुजताना येतो तो व्हिनेगरचा आंबूस वास. तो वास कपड्यांना चिकटायचा आणि बसमध्ये लोक सरकून बसायचे. टेपांवर गाणी ढिगानं होती, पण कोणी गायली, कुठल्या गावची, काही पत्ता नाही. म्हणून वाइसाकेनं कॉम्प्युटर कामाला लावला होता. ओळखीच्या प्रत्येक गाण्याच्या सुरांचा ठसा काढायचा, बोटांचा काढतात तसा. मग अनोळखी गाण्याचा ठसा त्या सगळ्यांशी ताडून बघायचा. जुळलं तर गावाचं नाव यायचं. नाही जुळलं तर गाण्यापुढचा चौकोन रिकामा राहायचा. त्या चौकोनाच्या डोक्यावर एकच शब्द होता: कोणाचं?

तो शब्द उनाइसीनंच घातला होता. तिथंच माशी शिंकली.

कारण उनाइसी काही सुव्याची नव्हे, बेटावरची. आणि आमच्या बेटावर पोर बोलायला लागलं की त्याला दोन गोष्टी शिकवतात. म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून हात न्यायचा नाही. आणि पाण्यावरून गाणं ऐकू आलं तर 'कोणाचं?' म्हणून विचारायचं नाही. उनाइसीनं लहानपणी एकदा विचारलं होतं तेव्हा आईनं अशी थोबाडीत दिली होती, की कानात दिवसभर भुंगा वाजत होता. पण माणूस शहरात राहिला, महिन्याचा पगार घ्यायला लागला, की असल्या थोबाडीत विसरतो.

आता ती ज्या गाण्याच्या मागं लागली होती त्याचं सांगतो. बेटावर दोन गावं. नाइवुलो तिच्या बापाचं, सावुकेरे तिच्या आईचं. दोघांच्या मध्ये समुद्रात वातुलोआ नावाचा खडक. ओहोटीला उघडा पडतो, भोवती मासळी अशी की पोरंसुद्धा हातानं धरतील. त्या खडकावर मासेमारीचा हक्क कोणाचा, ह्यावर दोन गावं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची डोकी फोडत आलेली. आता सरकारनं सुनावणी लावली होती आणि ती त्याच आठवड्यात होती. उनाइसीचा बाप मरताना काय म्हणाला होता? बायकोचं नाव नाही, मुलीचं नाही. "वातुलोआ सोडू नका," एवढंच.

आणि टेपांच्या ढिगात उनाइसीला एक डबा सापडला. वर लिहिलेलं: वातुलोआ, बायकांचं गाणं, गाव माहीत नाही. आमच्याकडे जिथलं गाणं ज्याचं, ती जागाही त्याची मानतात. हे गाणं नाइवुलोच्या जुन्या गाण्यांशी जुळलं की खडक नाइवुलोचा. सावुकेरेवाल्यांची तोंडं कायमची बंद.

टेप तिनं लावून ऐकली होती. वाऱ्याची घरघर, आणि लांबून, पाण्याच्या पलीकडून, बायकांचा आवाज. एक पुढं गायची, बाकीच्या मागून उचलायच्या. शब्द कळत नव्हते. दर कडव्यानंतर पुढची थांबायची, आणि बाकीच्या सगळ्याही थांबायच्या. जणू कोणी काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत असाव्यात. मग पुन्हा सुरू.

कॉम्प्युटर ते गाणं आठवडाभर ताडत होता. चौकोन रिकामाच.

"अजून विचारतोय बघ बिचारा," वाइसाके म्हणाला. "मिनिटाला हजार वेळा विचारतोय, कोणाचं, कोणाचं, कोणाचं. माझ्या आजीनं ऐकलं असतं तर तिनं कॉम्प्युटरच्याच थोबाडीत दिली असती."

तो हसला, पण ह्या खेपेला फुर्र केलं नाही.

दुपारी जेवणानंतर इसिकेलीमामा आले.

हे वाइसाकेचे वडील आणि उनाइसीचे सख्खे मामा. सावुकेरेच्या प्रमुखाच्या वतीनं बोलणारा माणूस. कमरेला लुंगीसारखा गुंडाळलेला इस्त्रीचा सुलू, खांद्याला जुनी झोळी, चेहरा कातळासारखा. बहिणीनं नाइवुलोत लग्न केलं तेव्हापासून ते त्या घरचं पाणी प्यायले नव्हते. उनाइसीला त्यांनी जन्मात हाक मारली असेल ती 'नाइवुलोची पोर' अशी.

ते आले आणि खुर्चीवर न बसता जमिनीवर मांडी घालून बसले.  मोठा माणूस असा खाली बसतो तेव्हा तो काहीतरी मागायला आलेला असतो.

झोळीतून त्यांनी व्हेलचा दात काढला. जुना, धुरानं आणि तेलानं तांबूस झालेला, काथ्याच्या वळलेल्या दोरीत ओवलेला. आमच्याकडे ह्याहून मोठी वस्तू नाही. ह्यानं मुलगी मागतात, ह्यानं खुनाची माफी मागतात. आणि समोरच्यानं दात हातात घेतला की मागितलेलं द्यावंच लागतं. त्यातून सुटका नाही.

"नाइवुलोच्या पोरी," मामा दोन्ही हातांवर दात धरून म्हणाले, "तू माझ्या बहिणीची मुलगी. मामाच्या गावात तुला काहीही उचलायचा हक्क आहे. कोंबडी उचल, चटई उचल, माझ्या पायातल्या चपला उचल. कोणी नाही म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. पण ते गाणं राहू दे. ते तुमचं नाही... आणि आमचंही नाही."

"मग कोणाचं, मामा?"

मामांनी डोळे मिटले. "तेच विचारू नकोस म्हणून आलोय."

"वा! सुनावणी चार दिवसांवर आली आणि तुम्हाला भुतं आठवली?" उनाइसी उभीच होती. बसली असती तरी अपमान थोडा कमी झाला असता, पण ती उभीच राहिली. "आमच्या बाजूला पुरावा निघतोय म्हणून तुमची तंतरलीय. चोराच्या मनात चांदणं."

"तुझ्या आईसारखीच जीभ."

"आईचं नाव घेऊ नका. तिच्या मयताला आला नव्हता तुम्ही."

 मामा हळू आवाजात म्हणाले, "त्या गाण्याला धनी नाही. म्हणून ते फिरत राहतं, कोणाच्या दारात थांबत नाही. आपण विचारलं की त्याला वाटतं, बोलावणं आलं. मग ते जवळ येतं. आणि त्याला गायला माणूस लागतो..."

"मी नाही घेणार," उनाइसी म्हणाली. "ठेवा झोळीत."

म्हातारा तसाच बसून राहिला. हात लांब केलेले, हातांवर दात. खोलीत पंख्याचा आवाज आणि व्हिनेगरचा वास. मामांचे दंड थरथरायला लागले. तरी त्यांनी हात मागं घेतले नाहीत आणि उनाइसीनं पुढं केले नाहीत. मेली कुणाचीच मान वाकेना.

आणि दात घसरला.

व्हेलचा दात जमिनीवर पडणं म्हणजे घोर अपशकुन, हे आमच्या माणसाला सांगावं लागत नाही. वाइसाके बाजूला बसला होता. त्याचा हात आपोआप पुढं गेला. त्यानं दात झेलला.

 वाइसाके हातातल्या दाताकडे बघत राहिला. दुसऱ्याचं पोर कडेवर आलं आणि आता खाली कुठं ठेवावं कळेना, असा त्याचा चेहरा.

"घेतला," मामा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "माझ्याच पोरानं घेतला. आता बंद कर, उनाइसी. माझ्यासाठी नको, ह्याच्यासाठी बंद कर. शब्द पाळला नाही तर भार ह्याच्यावर आहे."

त्यांनी तिला नावानं हाक मारलेली ती पहिलीच वेळ.

"मी नाही घेतला," उनाइसी म्हणाली.

मामा उठले आणि गेले. जाताना मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्याकडे मोठ्या मुलाच्या डोक्याला कोणी हात लावत नाही.

म्हातारा गेल्यावर तासाभरात कॉम्प्युटर वाजला. आठवडाभर मुका बसलेला, आणि आता एकामागून एक जुळण्या.

"सापडलं!" उनाइसी धावली. "नाइवुलोचं ना? सांग ना."

वाइसाकेनं दात दोरीसकट गळ्यात अडकवला होता, कुठं ठेवायचं कळेना म्हणून. तो पडद्याकडे बघत होता आणि कपाळावर आठ्या होत्या. "हे बरोबर नाही, तवाले. हे बघ. गाणं ह्या टेपेत आहे म्हणतोय. आणि ही टेप म्हणजे वादळाच्या बातम्या आहेत."

त्यांनी बातम्या लावल्या. निवेदक वाऱ्याचा वेग सांगत होता. आणि त्याच्या आवाजाखाली, ओल्या कपड्याखाली हात हलावा तसं काहीतरी हलत होतं. बायका गात होत्या. लांबून.

दुसरी जुळणी रग्बीच्या सामन्याची होती. लोकांच्या आरोळ्यांखाली तेच गाणं. तिसरी त्यांच्याच चर्चच्या नाताळची, गेल्या वर्षीची. त्यात वाइसाके स्वतः गात होता. आता बायका लांब नव्हत्या. कोरसच्या मागच्या रांगेत उभ्या असाव्यात इतक्या जवळ. आणि कडवं संपलं की थांबत होत्या.

"शेवटची कुठली?" उनाइसीनं विचारलं. 

"आजची. ह्या खोलीतली." वाइसाकेनं ओठ चाटले. "माइक चालू राहिला होता. बाबा बोलले ते सगळं भरलंय."

त्यांनी ते ऐकलं. मामा बोलत होते: मामाच्या गावात तुला काहीही उचलायचा हक्क आहे. पण मामांचा आवाज खोलीच्या त्या टोकाला होता आणि बायका माइकला तोंड लावून गात होत्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मामा म्हणाले, घेतला. आणि त्या क्षणी गाणं थांबलं. तिथून टेपेच्या शेवटापर्यंत फक्त श्वास.

"बंद करू या," वाइसाके म्हणाला. "बाबांनी मागितलंय, मी घेतलंय. मरू दे तो खडक. दोन्ही गावांनी बाजारात विकत घ्यावी मासळी."

आता खरं सांगतो, उनाइसीही घाबरली होती.  पण त्या घाबरण्याच्या खाली बाप होता, वातुलोआ म्हणत मेलेला. आणि मामा होते, आईच्या मयताला न आलेले. माणूस भुताला भितो, पण भाऊबंदांपुढं हार मानायला त्याहून जास्त भितो.

"शेवटचं एक कर," ती म्हणाली. "टेपेत वारा आहे म्हणून याला गाव कळत नाही. तू आत जाऊन स्वच्छ आवाजात चाल गुणगुण. तेवढं जुळवून बघू."

हे त्यांचं नेहमीचंच. जुनी टेप फार खराब असली की वाइसाके ती चाल पाठ करून रेकॉर्डिंगच्या खोलीत गायचा, आणि कॉम्प्युटर त्याच्या आवाजावरून गाणं ओळखायचा.

"नाही, तवाले. हे नको."

"का रे? बापानं दात दाखवला आणि तू शेपूट घातलीस?" ती हसली. जबरदस्तीनं हसली. "उद्या बसमध्ये सगळ्यांना सांगते, वाइसाके बायकांच्या गाण्याला भितो."

तवालेनं आव्हान दिलं तर मागं हटायचं नाही. वाइसाके तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या पोरीचा फोन झालाय. टेबलावर आहे. त्यात एक नवीन भर घातलीय, आसपास कुठलंही गाणं वाजलं की तो आपोआप ओळखतो, विचारावं लागत नाही. खूश होईल ती." आणि तो आत गेला.

रेकॉर्डिंगच्या खोलीला एकच दार, जाड, पावाच्या भट्टीला असावं तसं. ते उघडतं उनाइसीच्या खुर्चीपाशी. आतल्या भिंतींना फोम, खिडकी नाही, फक्त मध्ये एक काच. काचेतून तिला वाइसाके दिसत होता, गळ्यात दात, डोळे मिटलेले. हेडफोनमध्ये त्याचं फुर्र ऐकू आलं. मग तो गुणगुणायला लागला.

आणि वीज गेली.

सुव्यात वीज जाते, त्यात काही नवल नाही. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला. बाहेर दुपारचं ऊन होतं, पण काचेपलीकडे एकदम काळोख, बूड करपलेल्या पातेल्यासारखा. हेडफोनमध्ये वाइसाकेचं गुणगुणणं चालूच होतं. उनाइसीला बरं वाटलं. घाबरला नाही पठ्ठ्या, असं तिला वाटलं.

मग तिच्या लक्षात आलं की व्हिनेगरचा वास येत नाहीये. ओहोटीचा येतोय. उघड्या पडलेल्या खडकाचा, शेवाळाचा, मेलेल्या शिंपल्यांचा.

गुणगुणणं चालू होतं. खालच्या पट्टीतला तोच भरदार आवाज. आणि त्या आवाजाच्या मधोमध, त्याच माणसाचा आवाज, हळू, कोरडा:

"तवाले... मी गात नाहीये."

ती दाराकडे झेपावली. मूठ फिरेना. तिनं खांदा मारला, लाथा मारल्या, मामांना हाका मारल्या, आईला मारल्या. कानातल्या हेडफोनमध्ये वाइसाकेच्या आवाजाला एक बाई येऊन मिळाली, मग दुसरी, मग सगळ्या. कडवं पुरं झालं. सगळे थांबले. ह्या खेपेला वाट बघितल्यासारखे नाही. झालं काम, असे थांबले.

वीज आली. दार एका बोटानं उघडलं.

आत कोणी नव्हतं. जमिनीवर पाणी होतं, घोट्यापर्यंतही नाही, पण खारट. उनाइसीनं बोट लावून चाखलं होतं म्हणून सांगतो.

पोलीस आले, गेले. अंधारात निघून गेला असेल म्हणाले, कर्जबिर्ज असेल, ऑस्ट्रेलियात फळं तोडायला पळाला असेल. दार तिच्या खुर्चीपाशी आहे हे उनाइसीनं त्यांना तीनदा सांगितलं. वाइसाकेच्या बायकोनं ऐकून घेतलं आणि उनाइसीच्या तोंडावर थुंकली. कोरसमध्ये त्याची जागा रिकामी ठेवली, तर रविवारी तिथून खालच्या पट्टीतला आवाज यायचाच. मग पाद्रीबाबांनी ती रांगच काढून टाकली.

तुम्ही विचाराल, मग ही बाई सुनावणीला गेलीच कशी? मीही विचारलं होतं. म्हणाली, "गेले नसते तर वाइसाके फुकट गेला असता." तिच्या जागी असतो तर मीही गेलो असतो की काय, देव जाणे. आणि इसिकेलीमामांनी अडवलं नाही. ते म्हणाले, "लाव टेप. मला ऐकायची आहे." का, ते तिला तेव्हा कळलं नाही.

दालन गच्च भरलेलं. एका बाजूला नाइवुलो, एका बाजूला सावुकेरे, मधल्या वाटेवर पोलीस. सावुकेरेच्या बायका उनाइसीकडे बघून हाताआड काहीतरी पुटपुटत होत्या आणि ते आशीर्वाद नव्हते. अध्यक्ष म्हणजे दुसऱ्या बेटावरचा एक सभ्य, घामानं ओला झालेला माणूस. त्याला आमची बोली येत नव्हती, म्हणून शेजारी दुभाषा. अध्यक्षाला कोणी लहानपणी थोबाडीत दिलेली नव्हती.

जुनी टेप लावली. वाऱ्याची घरघर, लांबून बायका. आणि त्यांच्यात, खालच्या पट्टीत, एक पुरुष. त्या टेपेत पुरुष कधीच नव्हता. गाण्याआधी नाकातून फुर्र झालं तेव्हा इसिकेलीमामांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

कडवं संपलं. सगळे आवाज थांबले.

अध्यक्षानं चष्मा पुसला आणि चार माणसं विचारतील तसं विचारलं, "तर मग, हे गाणं कोणाचं?"

मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या किंचाळल्या. उनाइसी उठली, तोंड उघडलं, पण तिच्याआधी स्पीकर बोलला. स्वच्छ, जवळून, थट्टेच्या सुरात:

"तुझंच गं, तवाले."

अध्यक्षाला वाटलं, टेपेतलंच काहीतरी असेल. त्यानं दुभाष्याला अर्थ विचारला. दुभाष्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "कोणा बहिणीला सांगतोय, साहेब. तुझंच आहे म्हणतोय."

"ही उठलेली नाइवुलोची बाई त्या गाणाऱ्याची बहीण ना? मग गाणं नाइवुलोचं," अध्यक्षानं लिहून घेतलं.

खडक नाइवुलोला मिळाला. उनाइसीच्या बापाला हवा होता तो सगळाच्या सगळा, भोवतालच्या मासळीसकट. आजवर तिथं कोणी जाळं टाकलेलं नाही.

दालनाच्या पायऱ्यांवर मामा तिला भेटले. ती रडत होती. मारतील, शिव्या देतील म्हणून तिनं मान पुढं केली होती. त्यांनी काही केलं नाही.

"भाचीचा हक्क असतो," ते म्हणाले. "मामाच्या घरातलं काहीही उचलावं. उचललंस."

आणि ते बंदराकडे चालायला लागले.

ह्यानंतरचं थोडंच आहे. उनाइसीनं नोकरी सोडली, त्या टेपा पुन्हा ऐकल्या नाहीत, घरात रेडिओ लावणं बंद केलं. सगळं निवलं असं तिला वाटायला लागलं होतं. मग एका शनिवारी, भर दुपारी, मकेरेता मागच्या पडवीत बसून नारळ खवत होती. उनाइसी चुलीपाशी होती. पडवीतून गुणगुण ऐकू आली.

उनाइसीचा हात थांबला. चाल तिनं कुठल्याही गर्दीत ओळखली असती. पोरीला ती चाल कोणी ऐकवलेली नव्हती. कुठं शिकलीस, कोणाचं गं हे, असं तिच्या जिभेवर आलं. तिनं जीभ दातांखाली धरली, रक्त आलं तरी सोडली नाही. विचारायचं नाही. काहीही झालं तरी विचारायचं नाही. ती दारात गेली.

"मकेरेता," ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "चर्चचं काहीतरी गा ना, बाळा."

मकेरेतानं मान वर केली. तिचे ओठ मिटलेले होते. हातातला नारळ खाली पडला. गुणगुण चालूच होती, तिच्याच आवाजात, तिच्याच जागेवरून.

"आई," ती म्हणाली, "मी... मी गात नाहीये."

आणि पडवीच्या कठड्यावर ठेवलेला तिचा फोन, वाइसाकेनं दुरुस्त केलेला, कोणी हात न लावता उजळला. पडद्यावर लहानसं चक्र फिरायला लागलं. हे गाणं कोणाचं, ते तो शोधत होता.